कळसूबाई, ढग आणि बॅटरी

हॅम रेडिओ म्हणजे काय हे घरच्यांना सांगून सांगून दमलोय, तरी पुन्हा एकदा :) रीतसर परवाना काढून हौसेखातर वायरलेसवर बोलणारे लोक म्हणजे हॅम. आमचा हातातला सेट डोंगराआड गेला की मुका होतो. म्हणून उंच जागी रिपीटर बसवतात. तो एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि तेच त्याच वेळी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर मोठ्यानं बोलतो. एवढंच त्याचं काम.

उंच जागा म्हटलं की आम्हा नगरकरांना (२०२४ पासून अहिल्यानगरकर, पण जीभ वळत नाही) कळसूबाईच आठवणार. १६४६ मीटर! आम्हा तिघा मित्रांच्या डोक्यात तिथल्या रिपीटरचं खूळ आहे. अभयारण्य असल्यानं वनखातं, शिवाय वायरलेसची परवानगी... त्या कागदांवर पुन्हा कधीतरी. आज फक्त विजेबद्दल. माथ्यापर्यंत तार कोण ओढणार? म्हणजे सौर पॅनलच.

हिशोब साधा आहे. नुसता ऐकत बसलेला रिपीटर अर्धा अँपिअर खातो, बोलताना पाच. दिवसाला दोन तास बोलणं धरलं तर २१ अँपिअर-तास होतात. १०० वॅटचं एक पॅनल एप्रिलच्या उन्हात एवढं चार-पाच तासांत भरून काढतं.

पण एप्रिलात त्याची गरज कुणाला? गरज जुलैत. धुक्यात वाट चुकलेली पोरं, मोबाईलला रेंज नाही, घाटात दरड. नेमकं तेव्हाच ऊन नसतं. बारीहून चढताना लिंबू-सरबत विकणाऱ्या एका मावशींना विचारलं, "मावशी, पावसाळ्यात वर ऊन किती पडतं?" त्या हसल्या. "आखाडात हितं आपला हात आपल्याला दिसंना, आन् ऊन कुठलं आणता दादा?"

दहा दिवस ऊन नाही असं धरा. २१० अँपिअर-तास हवेत. साधी लेड-अ‍ॅसिड बॅटरी निम्म्याखाली उतरवली तर लवकर मरते, म्हणजे १०० च्या चार बॅटऱ्या. एकेक तीस किलोच्या आसपास. त्या लोखंडी शिड्यांवरून १२० किलो कोण नेणार?

सौर रिपीटरचा जीव बॅटरीत असतो, पॅनलमध्ये नाही. आपल्या इस्रोनं ५ मे २००५ ला सोडलेला हॅमसॅट आठवतो? तोही एक प्रकारे आकाशातला रिपीटरच, जगभरच्या हौशी लोकांसाठी. वर ढगांचा प्रश्नच नाही, पण पृथ्वीची सावली आहेच. नऊ वर्षं छान चालला आणि जुलै २०१४ मध्ये लिथियम बॅटरीनं दगा दिल्यावर थांबला.

म्हणून माझं मत, बॅटऱ्या वाढवू नका, भूक कमी करा. माथ्यावरून चहूकडे उघडं आहे, तिथे २५ वॅटची मिजास कशाला? पाच वॅट पुरे, बोलताना दीड अँपिअर. ऐकणारा भाग कमी खाणारा निवडायचा, ०.१५ अँपिअरचा. पावसाळ्यात बोलणं दिवसाला अर्धा तास, तेही कामाचं. दहा दिवसांचे सुमारे ४३ अँपिअर-तास होतात, एका बॅटरीत भागतं. ती दोघं आळीपाळीनं पाठीवर नेतील.

(गंमत म्हणजे जूनमध्ये भर दुपारी सूर्य तिथं किंचित उत्तरेला असतो. तेव्हा दक्षिणेकडे फार कललेलं पॅनल नको, फक्त पावसानं धुतलं जाईल इतका उतार बास.)

एका मित्राला हे मान्य नाही. त्याला रोज संध्याकाळची गप्पांची मैफल हवी, पावसाळ्यात तर जास्तच. "मग रिपीटर लावायचा कशाला रे?" म्हणतो. सध्या गाडी तिथंच अडलीय.