सागाच्या शोधात हार्टलपूल

दिवाळीच्या बाजारात आम्हा दोघांचं एक छोटं टेबल होतं, हे आपल्यापैकी काहींना आठवत असेल. चार पाट, दोन चौरंग, बीचचे पोळपाट, उदबत्तीची घरं... सगळं टाकाऊ लाकडातून आमच्या बागेतल्या शेडमध्ये केलेलं. चौरंगांवर मोठ्या अभिमानानं चिठ्ठी लावली होती : 'जुना अस्सल साग'. पहिला चौरंग सकाळीच पंचेचाळीस पौंडांना गेला आणि आम्ही खुशीत वडापावच्या रांगेत उभे राहिलो.

दुपारी एक काका आले. दुसरा चौरंग त्यांनी उलटा केला, अंगठा घासला, नाकाशी नेला आणि परत ठेवला.

"अहो, हा साग नव्हे."

"काका, जुन्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं टेबल होतं हे. सागाचंच असतं."

"असेल टेबल. पण आमची भवानी पेठेत लाकडाची वखार होती. साग हाताला तेलकट लागतो, आणि रंधा मारला की चामड्यासारखा वास सुटतो. घरी जाऊन मारून बघा."

घरी जाऊन मारला. वास नाही, तेल नाही. पुस्तकं उघडल्यावर कळलं की हे इरोको, पश्चिम आफ्रिकेकडचं लाकूड. रंगानं सागाच्या इतकं जवळ की त्याला 'आफ्रिकन टीक' म्हणूनच विकतात, पण सागाशी त्याचं काही नातं नाही. ब्रिटनमधल्या शाळांच्या प्रयोगशाळांत या इरोकोची टेबलं सर्रास असत. आमच्यापैकी एक जण (म्हणजे प्रस्तुत लेखक) शेफील्डला एमएस्सी करून इंजिनियर म्हणून मिरवतो. त्याला हे ओळखता येऊ नये!

आता विकलेल्या चौरंगाचं काय? आम्ही स्वतःची समजूत घातली. 'आफ्रिकन टीक' म्हणतातच ना? मग चिठ्ठी अगदीच खोटी नाही. फोन उद्या करू. असे उद्या करता करता तीन महिने गेले.

हा उद्योग सुरू कसा झाला, ते सांगायला हवं. इथं घराचं काम निघालं की दारात स्किप येते आणि तिच्यात जे लाकूड पडतं ते पाहून आपला जीव तुटतो. गावाकडे फळीचा तुकडाही माळ्यावर जपून ठेवणारी आपण माणसं! मात्र स्किपमधलंसुद्धा न विचारता उचललं तर ती इथं चोरी ठरू शकते, म्हणून आम्ही बेल वाजवून विचारतो. बहुतेक लोक हसून हो म्हणतात. ब्रायटनला १९९८ साली याचाच एक सामाजिक उद्योग उभा राहिला. बांधकामावरचं लाकूड गोळा करायचं, चांगल्या फळ्या निवडून विकायच्या, काहींची बाकं-टेबलं करायची, उरलेलं जळणाला, आणि अगदी निकामी ते चिपबोर्डच्या कारखान्याला. पुढे २००३ पासून त्याचं देशभर जाळं झालं. आमच्या बऱ्याचशा फळ्या अशाच एका दुकानातल्या.

फुकटचं लाकूड फुकट मात्र नसतं. आधी लोहचुंबक फिरवून खिळे शोधायचे, नाहीतर रंध्याचं पातं गेलंच. पॅलेटवरचा शिक्का वाचायचा : 'एचटी' म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते चालतं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडचा धूर दिलेली, ते घरात आणायचं नाही. हिरवट झाक असलेलं बागेच्या कुंपणाचं लाकूड औषध पाजलेलं असतं, त्याचा पोळपाट करायचा नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासायचा नाही.

आणि सगळ्यात मोठा धडा पाटानं शिकवला. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र हवेप्रमाणे फुगतं आणि आकसतं. पाटाखालच्या दोन आडव्या पट्ट्या आम्ही पहिल्यांदा सरस आणि स्क्रू लावून पक्क्या केल्या. जानेवारीत सेंट्रल हीटिंग पूर्ण जोरात, फळी आकसायला निघाली, पट्ट्या सोडेनात, आणि एका रात्री 'फाट' असा आवाज होऊन पाट मधोमध उकलला. पुलाच्या टोकाला प्रसरणासाठी फट ठेवायची हे कॉलेजात शिकलेले आम्ही पाटाला विसरलो होतो. आता पट्टीतली स्क्रूची भोकं लांबट ठेवतो, सरस लावत नाही, आणि लाकूड आधी काही आठवडे घरातच मुरू देतो.

तर, फेब्रुवारीच्या सुट्टीत मनात आलं की खरा साग एकदा डोळ्यांनी पाहून यावं. तोही मुंबईचा! गाडी काढली आणि लंडनहून अडीचशे मैलांच्या वर उत्तरेला हार्टलपूल गाठलं. नेपोलियनच्या लढायांच्या काळात इथल्या लोकांनी किनाऱ्याला लागलेल्या माकडाला फ्रेंच हेर समजून फाशी दिलं अशी दंतकथा आहे. हे ऐकून आम्हाला जरा धीर आला. ओळखण्यात चूक करणारे आम्हीच पहिले नव्हतो.

गोदीत 'ट्रिंकोमाली' उभी आहे. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मलबारी सागात बांधलेली ही युद्धनौका १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरली. पारशी प्रथेप्रमाणे तिच्या तळाच्या तुळईत चांदीचा खिळा ठोकला होता. इंग्लंडात ओकची टंचाई होती, म्हणून मुंबईचा साग. हिचे पहिले नकाशे 'जावा' नावाच्या जहाजावरून निघाले, पण १८१२ मध्ये ते जहाज अमेरिकनांच्या हाती गेलं, आणि नकाशे पुन्हा धाडावे लागले. आज पाण्यावर तरंगणारी ही सर्वात जुनी ब्रिटिश युद्धनौका.

खालच्या मजल्यावर वाकूनच चालावं लागतं, तरी एकेक तुळई डोक्याला लागलीच. मुंबईच्या सुतारांनी दोनशे वर्षांपूर्वी तासलेलं लाकूड असं कपाळानं तपासता आलं! आम्ही इकडे तिकडे बघून तुळईला नाक लावलं. वास फक्त डांबराचा. एक स्वयंसेवक आजोबा आमची गंमत बघत होते. आम्ही कारण सांगितलं तेव्हा म्हणाले, "नवी ढलपी निघाल्याशिवाय वास कसा येणार? आणि इथं मी तुम्हाला रंधा चालवू देणार नाही." मग मुंबईचं नाव ऐकून म्हणाले, "तर मग हे जहाज तुमच्याच गावचं."

त्यांच्याकडूनच पुढची गोष्ट निघाली. नेल्सनचं निशाण वाहिलेलं 'फूद्रॉयां' हे जहाज १८९२ मध्ये भंगारात जर्मनीला विकलं गेलं, तेव्हा व्हीटली कॉब या गृहस्थांनी ते परत विकत घेतलं. समुद्रकाठच्या गावांतून प्रदर्शन करत फिरवताना १६ जून १८९७ ला ते ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं. मग त्याच्या लाकडाच्या आणि तांब्याच्या आठवणवस्तू करून विकल्या गेल्या. कॉबनी त्याच्या जागी 'ट्रिंकोमाली' घेतली आणि तिला 'फूद्रॉयां'चंच नाव दिलं. मूळ नाव तिला १९९२ मध्ये परत मिळालं.

म्हणजे टाकाऊ लाकडाच्या वस्तू विकणारे आम्ही काही नवे नव्हतो. परतीच्या वाटेवर आणखी एक जुना भाऊबंद आठवला. भारतातून पाहुणे आले की आपण त्यांना स्ट्रॅटफर्डला नेतोच. तिथल्या 'न्यू प्लेस'च्या बागेतलं, शेक्सपियरनं लावलं म्हणून मानलं जाणारं तुतीचं झाड, बघ्यांना कंटाळून घरमालक गॅस्ट्रेल यांनी १७५६ मध्ये तोडलं. थॉमस शार्प नावाच्या घड्याळजीनं त्याचं बहुतेक लाकूड घेतलं, आणि पुढची चाळीस वर्षं त्याच्या डब्या-पेले विकले. एका झाडातून इतक्या वस्तू निघतील कशा, असं लोक कुजबुजू लागले. शेवटी १७९९ मध्ये, मरणाच्या दारात, शार्पना शपथेवर लिहून द्यावं लागलं की सगळं लाकूड त्याच झाडाचं.

गाडीत आम्ही बराच वेळ गप्प होतो. भंगारातल्या फळीला स्वतःचा असा भाव नसतो. गिऱ्हाईक पैसे देतं ते तिच्या गोष्टीचे. मग गोष्टच खरी नसेल तर आपण विकलं काय? आणि शार्पसारखं अखेरपर्यंत शपथा घेत कोण बसणार?

त्या रात्रीच चौरंग घेणाऱ्या ताईंना फोन केला. सगळं सांगितलं, पैसे परत देतो म्हटलं. त्या क्षणभर थांबल्या.

"चौरंग नाही हो देणार, लक्ष्मीपूजन झालंय त्यावर. पंधरा पौंड परत द्या. पण अस्सल साग म्हणून सासूबाईंना नाशिकला फोटो पाठवलाय, त्यांना आता तुम्हीच सांगा!"

सांगितलं. सासूबाईंनी एवढंच विचारलं, "डगमगत नाही ना?"

दुसरा चौरंग अजून शेडमध्ये आहे. त्याच्यावर नवी चिठ्ठी आहे : 'इरोको, आफ्रिकेकडचं लाकूड. इंग्लंडमधल्या शाळेच्या प्रयोगशाळेतलं टेबल. कडेचं गोल बूच म्हणजे गॅसच्या नळाचं भोक होतं, काळा डाग बर्नरचा. कोपऱ्यात कुण्या विद्यार्थ्यानं कर्कटकानं कोरलेली अक्षरं मुद्दाम ठेवली आहेत.' किंमत तीस पौंड. पुढच्या बाजारात काका येतील तेव्हा आधी त्यांच्याच हातात द्यायचा आहे.