लाल कुणी पुकारायचा?

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "थोडे दिवस सगळं निळसर दिसेल." एरवी हे कानाआड केलं असतं. पण माझी सगळी कमाई पिवळ्या आणि लाल रंगावर उभी आहे.

माझं दगडफुलं (लायकेन) ओळखण्याचं काम मांगर बनीत चालतं. ती दिल्लीच्या सीमेला लागून, फरीदाबाद जिल्ह्यात. धौचं जुनं जंगल. धौ म्हणजे आपल्या धावड्याचा भाऊबंद. गुदडिया बाबा या साधूवरच्या श्रद्धेपोटी गावकरी इथली काटकीही तोडत नाहीत. मग मी छिन्नी कशी चालवणार? खडकावरच्या दगडफुलाचा पापुद्रा दगडाला इतका चिकटलेला असतो की दगडासकटच काढावा लागतो. आत कुठलं आम्ल आहे याचा जो निकाल प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफीनं लागतो, तो इथे कॉस्टिक पोटॅशच्या एका थेंबावर लावायचा. फळं न धरलेल्या पापुद्र्याला तर बहुधा दुसरी ओळखच नसते. थेंब पडला की पिवळा उमटतो. तो पिवळाच राहिला तर स्टिक्टिक आम्ल, लाल होत गेला तर नॉरस्टिक्टिक. त्यात इथला क्वार्टझाइट लोहानं तांबूस, वरून अरवलीची धूळ. पापुद्रा लाल झाला की खालचा दगड ओला होऊन दिसू लागला? मी याच प्रश्नाशी अडतो, पुन्हा पुन्हा.

पुण्यात आघारकर संस्थेत शिकलो तेव्हापासून माझ्या नजरेचा लौकिक होता आणि मला तो फार प्रिय होता. थेंब कुणीही टाको, रंग मीच पुकारायचो. या पावसाळ्यात माझी विद्यार्थिनी भिंगावर वाकून म्हणाली, "सर, लाल हो रहा है." मला पिवळाच दिसत होता. वहीत तिचा लाल लिहिला. हात जड झाला, हे खरं.

फोनवर फोटो काढून एका रविवारात भूछत्रं-दगडफुलांच्या याद्या करणाऱ्यांचा मला राग येतो. भूछत्र दोन दिवसांत कुजून जातं, त्या रविवारी दिसलं नाही म्हणजे नाहीच असं होत नाही. आणि करड्या पापुद्र्याचा फोटो कितीही स्वच्छ असो, आतलं आम्ल त्यात दिसत नाही. अशा यादीपेक्षा 'नाव लागलं नाही' हा भरलेला रकाना मला अधिक मोलाचा वाटतो.

बनीत याल तर ऑगस्टमध्ये या, भिंग आणा, छिन्नी घरी ठेवा. हा पापुद्रा वर्षाकाठी जेमतेम मिलिमीटरभर वाढतो.