उस्मानपुरा ते मिरकरवाडा

आमच्या उस्मानपुऱ्यापासून समुद्र रात्रभराच्या प्रवासावर. तरी देवमासा आमच्या घरात कधीचा आलेला आहे: हजरत यूनुस (अलै.) यांच्या किश्श्यातून, आणि ईदला शहागंजातून आणलेल्या अंबर अत्तराच्या नावातून. यंदा तो मोबाइलमधूनही आला. धाकट्याने अंटार्क्टिकाच्या बर्फाळ समुद्रातला जुना व्हिडिओ दाखवला. ‘सी शेफर्ड’ संघटनेची जहाजं जपानी शिकारी जहाजांच्या आडवी जात होती. व्यापारी शिकारीवर १९८६ पासून जगभर बंदी असूनही ‘संशोधना’च्या नावाखाली ही शिकार चालली होती. २०१४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ती बेकायदा ठरवली. जहाजाला जहाज भिडवणं मला काही पटलं नाही, पण मुलाचा प्रश्न मनात राहिला, “अम्मी, आपल्या समुद्रात त्यांना कोण वाचवतं?”

शिक्षिकेला उत्तर येऊ नये, याची लाज वाटली. दिवाळीच्या सुट्टीत रत्नागिरीला नणंदेकडे जायचंच होतं. म्हटलं, तिथेच विचारू.

पहिल्या दिवशी गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर गेलो. नोव्हेंबर २०२३ मध्ये इथे देवमाशाचं एक पिल्लू वाळूत रुतलं होतं. गावकरी, वनखातं, तटरक्षक दल, पोलीस, सगळे धावले. अंगावर ओली कापडं टाकली, पाणी मारत राहिले. देवमासा माशासारखा दिसला तरी आपल्यासारखाच फुप्फुसाने श्वास घेतो. पाण्याबाहेर तो गुदमरत नाही, पण स्वतःच्याच वजनाखाली दबतो आणि उन्हात त्याची कातडी भाजते. ४० तासांच्या आसपास खटपट करून त्याला खोल समुद्रात नेऊन सोडलं. पण पिल्लू पुन्हा किनाऱ्याला लागलं आणि मेलं. आम्ही गेलो तेव्हा त्याच वाळूत मुलं घसरगुंडी खेळत होती. धाकटा बराच वेळ काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी मिरकरवाडा बंदर. इथल्या मच्छीमारांत आपले दालदी मुसलमान पुष्कळ. नणंदेच्या ओळखीचे एक तांडेलचाचा धक्क्यावर जाळं सांधत बसले होते. सलाम करून मी विषय काढला, तर ते आधी अंबरवरच घसरले. ‘व्हेलची उलटी’ विकताना पकडलेल्यांच्या बातम्या कोकणात सारख्या येतात. चाचा म्हणाले, “लोकांना वाटतं, एका दिवसात बंगला बांधू. बांधतात तुरुंगाची वाट.” खरं तर ती उलटी नव्हेच. स्पर्म व्हेल माकूल खातो, तिच्या टणक चोची पचत नाहीत, त्यांच्याभोवती आतड्यात हा पदार्थ साचतो. आपल्या देशात त्याचा व्यापार गुन्हा आहे. मला आठवली ती हजरत अबू उबैदा (रजि.) यांची मोहीम. रोज एकेका खजुरावर आलेल्या तीनशे सहाबांना किनाऱ्यावर मेलेला प्रचंड मासा सापडला, त्याचं नावच अंबर. पंधरा दिवस ते त्यावर जगले. ती भूक होती. आजची ही हाव आहे.

मग धाकट्याने थेट विचारलं, “चाचा, तुमच्या जाळ्यात देवमासा आला तर?”

“देवमासा कधी आला नाही बाळ. कासव येतं. दोनदा आलं. दोन्ही वेळा जाळं कापलं.”

डिसेंबर २०१८ पासून राज्य शासन अशा कापलेल्या जाळ्यासाठी २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देतं. कासव, डॉल्फिन, व्हेल शार्क असा संरक्षित जीव सोडला, तर त्याचे फोटो मात्र द्यावे लागतात. मी विचारलं, “मग पैसे मिळाले?”

चाचा हसले. “पहिल्या वेळी फोटो कोण काढणार? एका हातात सुरी, दुसऱ्या हातात ते धडपडणारं कासव, होडी हेलकावे खातेय. दुसऱ्या वेळी पोराने काढला, तर तो एवढा हलला की कासव की टोपली, कळेना.”

“म्हणजे नुकसान तुमचंच?”

“तर काय! मालकाची बोलणी खाल्ली ती वेगळीच.”

बोलता बोलता त्यांचा हात थांबला नव्हता. जुन्या हिरव्या जाळ्यात हातभर तुकडा निळ्या दोऱ्याने विणलेला होता. धाकट्याने त्यावर बोट ठेवलं, “हे दुसऱ्या कासवाचं?”

“नाही, पहिल्याचं,” चाचा म्हणाले. “दुसऱ्याचं बघ, तिकडे, त्या टोकाला.”