चाचणीच्या सर्व्हरवरची खरी माणसं

पायथनमध्ये फ्लास्क हे वेब फ्रेमवर्क वापरणाऱ्यांना त्यासोबतच्या वेर्कत्सॉइग लायब्ररीचा डीबगर आयताच मिळतो, आणि मला तो मनापासून आवडतो. कोड फुटला की ब्राउझरमध्येच अख्खा ट्रेसबॅक दिसतो. त्यातल्या कुठल्याही ओळीशेजारच्या चिन्हावर क्लिक केलं की कन्सोल उघडतो. त्या घटकेला कुठल्या व्हेरिएबलमध्ये काय होतं ते पाहता येतं, हवा तो पायथन कोड तिथल्या तिथे चालवता येतो.

समोर कोण बसलंय, याच्याशी मात्र 2015 पर्यंत त्या कन्सोलला देणंघेणं नसायचं. माझ्या लॅपटॉपवर मीच असतो. तोच सर्व्हर इंटरनेटवर उघडा असला, तर फाइली, पासवर्ड, डेटाबेस सगळं येईल त्याच्या हाती पडायचं.

कलावंतांना चाहत्यांकडून नियमित पैसे मिळवून देणाऱ्या पेट्रिऑन या अमेरिकी कंपनीत 2015 च्या सप्टेंबरात बाहेरचं कुणीतरी शिरलं, ते वेबसाइटच्या अशाच उघड्या राहिलेल्या डीबग आवृत्तीतून. डिटेक्टिफाय या स्वीडिश कंपनीने आपण आधीच सावध केलं होतं असं नंतर सांगितलं. ऑक्टोबर उजाडताच सुमारे 15 जीबी डेटा नेटवर आला, त्यात जवळपास 23 लाख ईमेल पत्ते. मुख्य सर्व्हरला धक्का लागलेला नव्हता. पण ज्या चाचणीच्या सर्व्हरवर ती डीबग आवृत्ती चालत होती, त्यावर खऱ्या डेटाबेसची प्रत ठेवलेली होती!

मला ती प्रत सगळ्यात जास्त खटकते. डीबग मोड नजरचुकीने चालू राहतो. प्रत कुणीतरी विचार करून ठेवलेली असते. खरा बग खऱ्या डेटावरच सापडतो, हे कारण मला पटतं. तरी ज्यांचे ते पत्ते होते, त्यांनी ते आमच्या प्रयोगांसाठी दिले नव्हते.

त्याच वर्षी वेर्कत्सॉइगच्या 0.11 आवृत्तीत कन्सोलला पिन आला. तो सर्व्हरच्या टर्मिनलवर छापला जातो. उपाय चांगला, पण पुरा नाही. युजरचं नाव, फाइलचा पाथ, नेटवर्क कार्डाचा पत्ता, मशीनची ओळख यांतून तो बनतो. दुसऱ्या एखाद्या भोकातून फाइली वाचता येणारा माणूस तो गणिताने काढू शकतो. म्हणून माझा भरवसा पिनवर नाही. माझा डीबगर 127.0.0.1 वरच, म्हणजे त्याच मशीनवर, ऐकतो, दूरच्या मशीनवर लागलाच तर एसएसएच टनेलमधून.

आणि चाचणीसाठी कुणी डेटाबेस मागितला, तर आधी नावं-पत्ते बदलणारी स्क्रिप्ट चालवतो. मग एखादा बग त्या बदललेल्या डेटावर दिसत नाही, आणि मुख्य सर्व्हरचे लॉग वाचत अख्खी दुपार जाते. ती जाऊ देतो.