साडेपाच त्रिक साडेसोळा

रेल्वेच्या प्रतिकृतीत स्केल आणि गेज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूळ वस्तू किती पट लहान केली ते स्केल. दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर म्हणजे गेज. ब्रिटनच्या ‘डबल ओ’त या दोहोंची फारकत झाली. स्केल फुटाला ४ मिलिमीटर, म्हणजे १:७६.२, रूळ मात्र १६.५ मिमीचे, ३.५ मिलिमीटरच्या ‘एचओ’कडून घेतलेले. ब्रिटिश इंजिने अंगाने अरुंद. त्या काळच्या विजेच्या मोटारी एचओच्या कवचात मावेनात, म्हणून कवच वाढवले आणि रूळ तसेच ठेवले. १४३५ मिमीच्या गेजला तिथे १८.८३ मिमी हवे होते. १९३८च्या हॉर्नबी डब्लोनंतर ही तूट रुळली. पुढे कोणी १८.२ मिमीचे ‘ईएम’ धरले, कोणी १८.८३चे ‘पी-फोर’. दोन्ही पंथ डबल ओला हसतात, आणि एकमेकांनाही.

बुऱ्हाणपूरच्या रुळांची अडचण याहून मोठी. तिथून जाणारा भुसावळ-खंडवा मार्ग १६७६ मिमीचा ब्रॉडगेज. डबल ओत तो २२ मिमी भरतो, एचओत १९.२. पुण्याच्या कोथरूडमधले जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय एचओत आहे. पण त्या स्केलला १६.५ मिमी स्टँडर्ड गेजपुरतेच खरे. या ब्रॉडगेजवरच्या वाफेच्या डब्ल्यूपी इंजिनाचे मोठे चाक १७०५ मिमी व्यासाचे, म्हणजे चाकाची उंची आणि रुळांचा पन्हा जवळजवळ सारखा. पन्हा आखडला की हे इंजिन समोरून पाय जुळवून उभे राहिल्यासारखे दिसते.

प्रस्तुत लेखकाने बुऱ्हाणपूरच्या शनवाऱ्यातल्या माडीवर अनेक वर्षे २२ मिमीचे रूळ हाताने डाखले. आलेल्या पाहुण्याच्या हाती चहाआधी कॅलिपर दिला जाई. आता हात थरथरतो. डाख रुळाच्या आत ओघळतो आणि चाक तिथेच चढते.

सुटका पाढ्यात निघाली. ब्रॉडगेज साडेपाच फुटांचा. फुटाला ३ मिलिमीटर धरले तर साडेपाच त्रिक साडेसोळा. म्हणजे डबल ओचे तयार रूळ १:१०१.६ या स्केलला भारतीय ब्रॉडगेज म्हणून अचूक. हे स्केल १९५७च्या ट्राय-अँगच्या ‘टीटी’चे, तिथे मात्र ते १२ मिमीच्या रुळांवर चालले आणि पुन्हा तोकडेच पडले. खंडव्याचा जुना मीटरगेज या स्केलला ९.८४ मिमी होतो. ‘एन’ या छोट्या स्केलच्या रुळांचे ९ मिमी त्याला थोडे कमी. पाचोरा-जामनेरचा ७६२ मिमीचा नॅरोगेज साडेसात. डबे-इंजिने मात्र सगळी पुठ्ठ्यापितळेतून घरीच करावी लागतात.

रुळांची उंची हा उरलेला दोष. ‘कोड १००’ रूळ २.५४ मिमी उंच, म्हणजे या स्केलला २५८ मिमी. खरा ५२ किलोचा रूळ १५६ मिमीचा. पन्हा जुळला, काठ जाड राहिला. पाहुण्याच्या हाती कॅलिपर अजूनही दिला जातो. तो दोन रुळांच्या मध्ये लावायचा, उंचीला नाही.