चंद्राएवढा ठिपका

शाळेच्या पुस्तकात सगळे ग्रह पंगतीला बसल्यासारखे एकमेकांना खेटून असत. डावीकडे सूर्याची कड, उजवीकडे टोकाला प्लूटो. माझ्या मनातली सूर्यमाला कितीतरी वर्षं त्या एका पानात सुखाने मावत होती.

परवा सकाळी भाचीने लॅपटॉपवर एक वेगळंच पान उघडून दिलं. जॉश वर्थ या अमेरिकी डिझायनरने २०१४ साली केलेलं. ३,४७४ किलोमीटर व्यासाचा चंद्र म्हणजे पडद्यावरचा एक पिक्सेल, एवढाच त्याचा हिशोब. बाकी सगळं त्याच मापात. सूर्य ४०० पिक्सेलचा, बशीसारखा गरगरीत.

"मावशी, आता सरकवत जा."

सरकवत गेले. काळोख. आणखी काळोख. मधूनच करणाऱ्याने पेरलेलं एखादं वाक्य, की पुन्हा काळोख. बुध तर दीड पिक्सेलचाही नाही. हातातून निसटला, मागे येऊन शोधावा लागला. पृथ्वीपर्यंत सुमारे ४३,००० पिक्सेल सरकवले, आणि भेटली ती जेमतेम पावणेचार पिक्सेलची निळी कणी. तिच्यापासून ११० पिक्सेलवर चंद्र. माणूस आजवर स्वतः गेला तो एवढंच अंतर! प्लूटो तर १७ लाख पिक्सेलपलीकडे. अवकाशावरच्या फिल्म मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण तिथे कॅमेराच आपल्या वतीने धावतो. इथे बोट दुखलं, आणि पाठ केलेला आकडा पहिल्यांदा अंगात उतरला.

कोपऱ्यात एक बटण होतं, प्रकाशाच्या वेगाने नेणारं. सेकंदाला तीन लाख किलोमीटर, म्हणजे पान झपकन पळेल असं वाटलं. सूर्यापाशी परत येऊन बटण दाबलं, तर प्रकाश मुंगीसारखा चालू लागला. सेकंदाला ८६ पिक्सेल! विश्वातला सगळ्यात मोठा वेग असा रांगताना पाहून मला भरून आलं. केवढी ही पोकळी, आणि तिच्यातून तो किती निमूटपणे येत राहतो.

मी चहाचं आधण ठेवलं. आलं किसलं, दूध घातलं, दोन उकळ्या येऊ दिल्या. कप भरत होते तोच भाची ओरडली, "आली, पृथ्वी आली!" आठ मिनिटं वीस सेकंद झाली होती. ओट्यावर सकाळचं ऊन पडलं होतं. मी बटण दाबलं त्या घटकेला ते सूर्यावरून निघालं होतं. मी त्यावर तळहात ठेवला. ऊबदार होतं.

गुरू यायला अजून पस्तीस मिनिटं होती. "थांबायचं?" भाचीने विचारलं.

आम्ही कप घेऊन पडद्यासमोर बसलो.