चाकांवरच्या स्वयंपाकघराची शेगडी

आमच्या कॅम्पर ट्रेलरसाठी शेगडी घेताना घरात दोन पक्ष पडले. बायकोला छोट्या ब्युटेन कॅनवर चालणारी हलकी शेगडी हवी होती, बाबांना 5 किलोचा सिलिंडर. पण हिवाळ्यात इंदूरहून मनालीला जायचं, आणि शून्य अंशाच्या आसपास ब्युटेनचा वायू होणंच थांबतं. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत साथ देतो. आपल्या घरगुती गॅसमध्ये दोन्हींचं मिश्रण असतं, म्हणून बाबा जिंकले.

खरा प्रश्न आईचा होता. "अरे, थंडीत चहा आतच केला तर?"

एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर खाली, मुलीच्या अंथरुणाशीच साठणार. शिवाय बंद जागेत शेगडी जळली की कार्बन मोनॉक्साइडची भीती, आणि त्याला वासही नसतो. म्हणून ज्योत विझताच गॅस बंद करणारी शेगडी घेतली आणि मागच्या दाराबाहेर सरकणाऱ्या फळीवर बसवली. वाऱ्याला पत्र्याचा आडोसा केला, सिलिंडर बाहेर उभा बांधला.

आई आता शाल गुंडाळून बाहेरच पोहे करते. तुम्हीही ट्रेलर घेणार असाल, तर बर्नर नंतर मोजा. आधी रात्री कोण कुठे झोपणार ते ठरवा.